ओठ तेच, आवाज वेगळा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथं बसल्या बसल्या एक करा. हाताचा पंजा तोंडासमोर धरा, अगदी जवळ, आणि म्हणा प. आता म्हणा फ, आपला जुना फ, फणसातला, दोन्ही ओठ मिटून. प ला हाताला जेमतेम काहीतरी लागलं आणि फ ला चांगली फुंकर लागली, होय की नाही? आता नाक चिमटीत दाबा आणि म लांबवून म्हणा, म्म्म्म्. जमत नाही बघा. आवाज तिथल्या तिथं गुदमरतो, कारण म ची सगळी हवा नाकातून बाहेर पडते आणि नाक तर तुम्ही दाबून धरलंय.

आजचं बोलणं ह्याच्यावरच आहे, व्यंजनं तोंडात कशी तयार होतात. प्रत्येक व्यंजनाला दोन प्रश्न विचारायचे, हवा कुठं अडवली आणि कशी अडवली. कुठं, आणि कशी. ह्यातलं कुठं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, पाठ पण करून घेतलेलं असतं. कशी, हे कोण सांगतच नाही. माझं तर म्हणणं आहे की पहिलीच्या वर्गात प्रत्येक पोराच्या हातात एक छोटा आरसा द्यावा आणि स्वतःचं तोंड बघत बघत क ख ग घ म्हणायला लावावं, टॅबलेट आणि स्मार्ट बोर्ड काय ते नंतर बघू.

तर कशी. बागेला पाणी घालायची नळी घ्या. तोंडावर अंगठा घट्ट दाबला की पाणी थांबतं, आत जोर साठतो, अंगठा काढला की भसकन उडतं. क, ट, त, प हे असे, हवा पूर्ण अडवली आणि सोडली, म्हणून ह्यांना स्फोटक म्हणतात. अंगठा अर्धवट ठेवला तर फवारा उडतो आणि सूंऽऽ आवाज येतो, ते स आणि श, हवा फटीतून घासत जाते, ते घर्षक. आणि तोंड बंदच ठेवून मागचा मऊ टाळू खाली सोडला की हवा नाकातून निघते, ते न आणि म, अनुनासिक. परत सांगते, अडवून सोडली, घासत नेली, नाकातून काढली.

आता आमच्या आबांची गोष्ट सांगते, कारण हा विषय मला कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही, आबांनी शिकवला.

आबा म्हणजे आईचे काका. खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला आईचं माहेर. आबांना लहानपणी मोठा ताप आला आणि तापात दोन्ही कान गेले. बोलणं आधीच आलेलं होतं, त्यामुळं बोलायचे स्वच्छ, पण ऐकायला शून्य. समोरच्याच्या ओठांकडं बघून सगळं ओळखायचे, आणि इतकं पक्कं ओळखायचे की नवीन माणसाला कळायचंच नाही ह्यांना ऐकू येत नाही म्हणून. मराठी पण ओठांवरून, कन्नड पण ओठांवरून. आठवड्याच्या बाजारात दुकानदाराशी कन्नडमधून भाव करताना मी स्वतः बघितलंय त्यांना.

तर मामाचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात पूजा होती, वैशाख महिना, पडवीत पंगत बसायची होती. पंगत म्हणजे खरी पंगत हं, पत्रावळ, पाट, वाढणारे वाकून वाढतायत, जेवणाऱ्याला आग्रह होतोय, आजकाल हातात ताट घेऊन रांगेत उभं राहून जेवायचं जे काढलंय ना त्यात अन्न पोटात जातं पण जेवल्यासारखं वाटत नाही, असो. आजी सैपाकघराच्या दारातनं आबांना म्हणाली, भावजी, पाट आणा. आबा गेले आणि भाताचं पातेलं घेऊन आले. पानं मांडायचीत अजून आणि भात आला. आजी म्हणाली, भात नव्हे ओ, पाट, पाट! आबांनी मान डोलावली, पातेलं ठेवलं, मागच्या दारी गेले आणि पाण्यानं भरलेला माठ उचलून घेऊन आले. मग चार बाजूनं चार जण ओरडायला लागले, पाट ओ पाट, आणि ओरडताना माणूस तोंड वेडंवाकडं करतो त्यामुळं ओठ वाचायला उलट जास्तच अवघड जातं. पाहुणे हसायला लागले. आबांचा चेहरा पडला.

(आणि तो माठ खानापूरच्या मातीचा होता. त्या मातीच्या माठातलं पाणी ज्यांनी प्यालंय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल, फ्रिजची बाटली तोंडाला लावणाऱ्यांनी एक उन्हाळा माठ ठेवून बघाच.)

आता बघा काय झालं होतं. पाट, भात, माठ. आरशासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवून हे तीन शब्द म्हणा. तिन्ही एकसारखे दिसतात! प ला ओठ मिटतात, भ ला मिटतात, म ला मिटतात. मग तोंड उघडून आ. आणि पुढचे ट, त, ठ तर आत जिभेचं काम, बाहेरून काय दिसणार. ओठांनी अडवली एवढं डोळ्याला दिसतं. कशी अडवली ते दिसत नाही, हवा नाकात गेली का तोंडात साठली, गळा वाजला का गप्प राहिला, ह्यातलं डोळ्याला काहीच दिसत नाही.

आबांनी माठ खाली ठेवला आणि पंगत तशीच सोडून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मी तिथंच खेळत होते, लहान होते मी. मला जवळ ओढलं आणि म्हणाले, म्हण, पाट. मी म्हटलं. म्हणाले, थांब, आणि माझ्या तोंडासमोर पंजा धरला, एक बोट गळ्याला लावलं. पाट म्हण. भात म्हण. माठ म्हण. परत म्हण. मग ते बोट गळ्यावरनं काढून नाकपुडीच्या बाजूला टेकवलं. परत तिन्ही म्हण. असं किती वेळ चाललं होतं काय माहीत, मी कंटाळून गेले, आई हाका मारत होती जेवायला, पण आबा सोडेनात. आणि एकदम उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, आत्ता गावलं! तसेच पडवीत गेले आणि भर पंगतीत आजीला म्हणाले, वैनी, पाटाला काय नाही, भाताला गळा, माठाला नाक!

परत सांगते, तुम्ही पण करून बघा. पाटाला काय नाही, म्हणजे प ला गळा गप्प. भाताला गळा, म्हणजे भ म्हणताना गळ्याला लावलेल्या बोटाला थरथर जाणवते आणि वर पंज्याला फुंकर पण लागते. माठाला नाक, म्हणजे म म्हणताना नाकपुडीला गुणगुण जाणवते.

त्या दिवसापासनं घरात नियमच झाला. आबांना माठ सांगायचा तर बोलताना नाकाला बोट लावायचं. भात सांगायचा तर गळ्याला. पाट सांगायचा तर हात खाली. मामा आले म्हणताना नाक, बाबा आले म्हणताना गळा, कारण ते पण ओठांवर एकच दिसतं. शेजारच्या कन्नड अक्का तर दोन दिवसांत शिकल्या, त्यांच्या अप्पा आणि अम्माचा पण तोच घोळ, अम्माला नाकाला बोट. गल्लीतली पोरं एकमेकांत खेळायला लागली, शाळेत मागच्या बाकावर बसून आवाज न करता बोलायची. आबा असेपर्यंत ते चाललं आणि मग आमच्या आईच्या हाताला इतकी सवय लागली होती की आमच्याशी बोलताना पण तिचं बोट मधेच नाकाला जायचं.

पुढं मोठं झाल्यावर वाचलं, अमेरिकेत १९६६ साली कॉर्नेट नावाच्या शास्त्रज्ञानं, बहिऱ्या विद्यार्थ्यांच्या गॅलॉडेट कॉलेजात, हीच कल्पना पूर्ण पद्धत म्हणून बसवली. ओठांवर सारखी दिसणारी व्यंजनं हाताच्या वेगवेगळ्या खुणांनी वेगळी करायची, प, ब, म ला तीन वेगळ्या खुणा. आणि हेलन केलर, ज्यांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, त्या १८९० साली बोलायला शिकायला लागल्या त्या बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हात ठेवून. पुढं त्या हातानंच माणसाचं बोलणं ओळखायच्या, अंगठा गळ्यावर, एक बोट ओठांवर, एक नाकावर. वाचताना मला आमचा कट्टाच दिसला.

आपल्याकडच्या जुन्या शिक्षाकारांना, म्हणजे उच्चारांचं शास्त्र लिहिणाऱ्यांना, पण हे सगळं ठाऊक होतं. क पासून म पर्यंतच्या २५ वर्णांना त्यांनी स्पर्श म्हटलं, य र ल व ला अंतस्थ, श ष स ह ला ऊष्म. जागेला स्थान म्हणायचे आणि कशी ला प्रयत्न. गळा वाजला की घोष, नाही वाजला की अघोष. अख्खी वर्णमाला ह्या हिशेबानं मांडलीय, प्रत्येक ओळीचा शेवटचा वर्ण नाकाचा, ङ ञ ण न म.

राहिलेली व्यंजनं भरभर सांगते, वेळ थोडा आहे. ल ला जिभेचं टोक वर टेकतं आणि हवा दोन्ही बाजूंनी निघते. ळ ला जीभ मागं वळते, आणि हा ळ आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोघांच्या घरातला, बेळगावात पण आहे आणि हुब्बळ्ळीत पण. इंग्रजांना जमला नाही म्हणून त्यांनी बेळगावचं बेलगाम आणि हुब्बळ्ळीचं हुबली केलं, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारनं ती इंग्रजी नावं बदलून बेळगावी आणि हुब्बळ्ळी केली. नाव कुठलं लिहावं ह्याच्यावर काय वाद घालायचे ते घाला पण ळ चा ल कुणी करू नये, एवढं मला मनापासनं वाटतं. र ला जिभेचं टोक टपकन आपटतं, अर्रर्र म्हटलं तर थरथरतं. य आणि व ला अडवणं अगदी थोडं, जवळजवळ स्वरच.

आणि च. च हा मिश्र, आधी हवा पूर्ण अडवायची आणि सोडताना घासत सोडायची. चहातला च लांबवून बघा, श होतो. चोरातला च लांबवा, स होतो. एकच अक्षर, दोन जागा. कन्नडमध्ये पहिलाच आहे, त्यामुळं आमच्या अक्का चुलीला चहातला च लावून म्हणायच्या, आणि कानाला ते गोडच लागायचं.

सर्दी झाली की मामाचा बाबा होतो, ते का ते आता तुमचं तुम्हालाच कळलं असेल. नाक बंद, मग म ला वाट कुठली, ओठ मिटलेले आणि गळा वाजतोय, तो ब च निघणार.

घरात लहान मूल असेल तर एक लक्षात ठेवा. र लहान पोरांना उशिरा येतो, लाजाचा राजा व्हायला वेळ लागतो, त्याला हसू नका, चिडवून तर अजिबात नको. पण हाक मारल्यावर बाळ वळून बघत नसेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल, तर वाट बघत बसू नका, सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या, आणि मैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, साठच्या दशकापासनं हेच काम चालतं तिथं. आबांच्या लहानपणी ह्यातलं काही हाताशी नव्हतं. येते मी, नमस्कार.