आधी आत, मग खाली

(दृश्य: मुरमाचा रस्ता. मागे शेडचा लोखंडी सांगाडा.)

बिडकीन. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना लागणारं गाव. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली ऑरिक नगरी शेंद्रा आणि बिडकीन अशा दोन ठिकाणी उभी राहतेय. कापसा-तुरीच्या रानात आता खांब, पर्लिन म्हणजे छताचे आडवे लोखंडी वासे, आणि पत्रा.

ही मशीन टेलिहँडलर. पुढे फोर्कलिफ्टसारखे दोन फोर्क, म्हणजे लोखंडी काटे, पण ते बूमच्या, म्हणजे लांब लोखंडी हाताच्या टोकाला. बूमच्या पोटातून दुसरा बूम बाहेर सरकतो. साध्या फोर्कलिफ्टला गुळगुळीत फरशी लागते. हिची चाकं मोठी, आणि चारही वळतात. चारही एकाच दिशेला वळवली की अख्खी मशीन तिरपी सरकत भिंतीला भिडते. इंग्लंडच्या जेसीबीनं १९७७ साली आपलं लोडॉल नावाचं टेलिहँडलर बाजारात आणलं. तिकडे शेतातल्या गवताच्या गाठीही ही उचलते. आपल्याकडे मात्र तिची ओळख बांधकामावरच झाली.

(दृश्य: ऑपरेटर खाली उतरून टाचेनं जमीन दाबून पाहतो.)

मराठवाड्यातली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि एक पाऊस पडला की फुगते, चिकटते, चाक गिळते. म्हणून मुरूम टाकून रोलर फिरवलेला. तरी मशीनला टेकू देणाऱ्या पुढच्या जॅकखाली जाड प्लेट ठेवल्याशिवाय हा गडी लिव्हरला हात लावत नाही. मशीन थोडी जरी कलती उभी राहिली, तरी बूम वर गेल्यावर तो कल टोकाला कितीतरी वाढतो.

(दृश्य: केबिन. लोड चार्ट, म्हणजे बूम किती बाहेर असताना किती वजन चालतं याचा तक्ता. जॉयस्टिकवरचा हात.)

इथे आपण जरा थांबू. भरलेली कळशी कडेवर असताना जाणवत नाही. तीच हात लांब करून धरून पाहा. सतरा मीटरपर्यंत पोचणाऱ्या चार टनी मशीनचंही तसंच. बूम पूर्ण पुढे काढला की तिच्यानं टनभर वजनही पेलवत नाही. ‘चार टन’ हा आकडा फक्त बूम आत असतानाचा, आणि साईटवर भांडणं होतात ती नेमकी इथंच.

मशीन कलंडायचा धोका सांगणारे दिवे समोर आहेत: हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की घाबरलेला माणूस बूम खाली घ्यायला जातो. तीच चूक. उंचावलेला बूम तेवढ्याच लांबीत खाली आणला, तर वजन मशीनपासून आणखी लांब जातं आणि मागची चाकं उचलतात. आधी बूम आत ओढायचा, मग खाली.

(दृश्य: ब्लॉकचं पॅलेट दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर टेकतं.)

हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन असती, तर माल दोरीला झोके घेत आला असता. इथे तो फोर्कवरून सरळ स्लॅबवर. केबिन डावीकडे असते, त्यामुळे उजवीकडचं ऑपरेटरला नीट दिसत नाही. तिकडे शिट्टी घेतलेला हेल्पर उभा असतो. तो नसेल तर काम बंद ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घमेली वाहणाऱ्या बायकांची हजेरी यानं कमी होते, हेही खरं.

(दृश्य: पत्र्यांचं बंडल फडफडतं.)

दुपारून वारा सुटतो. रुंद पत्रा वारा धरतो, म्हणून बंडल वर न्यायचं थांबवलंय. मुकादम खालून हात करतोय. ऑपरेटरनं बूम आत घेतला आणि मशीन खालच्या विटांकडे वळवली.