फुलोऱ्यातल्या झाडाची कुंडी बदलावी का?

(परभणी येथे गच्चीवर बाग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

दसरा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेवंतीला कळ्या भरगच्च लागल्या आहेत, पण दुपार झाली की झाड माना टाकते. कुंडी लहान पडली असेल, तर मोठ्या कुंडीत हलवू का? दोन-तीन अपवाद सोडले तर माझे उत्तर 'नाही' असेच आहे. पण नुसते नाही म्हणून भागत नाही, कारण झाड खरोखरच सुकलेले दिसते आणि त्याला काही तरी कारण असणारच. फुलोऱ्यात कुंडी लहान पडल्याची जी तक्रार दिसते, ती बहुतेक वेळा पाण्याची असते आणि आपल्या भागात तिचे मूळ काळ्या मातीत असते, एवढेच मला आज सांगायचे आहे. कृषी विद्यापीठाच्या गावात मातीवर बोलणे थोडे धाडसाचेच आहे, तरी सांगतो.

मराठवाड्यातली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती ओलाव्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. कुंडीत मात्र ही भेग मधोमध न पडता कडेने, म्हणजे मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये पडते. ऑक्टोबरच्या उन्हात एक-दोन वेळा पाणी चुकले की ही फट तयार होते, आणि त्यानंतर झारीने घातलेले पाणी तिच्यातून सरळ खाली उतरून तळाच्या छिद्रातून बाहेर पडते. खालची थाळी भरलेली पाहून आपण समजतो की झाडाला पोटभर पाणी मिळाले. मधला गोळा मात्र कोरडा ठणठणीत राहिलेला असतो.

हे तपासायला काही लागत नाही. बांबूची एक कोरडी कामटी खोडापासून चार बोटांवर, कुंडीच्या तळापर्यंत हलकेच खोचावी आणि थोड्या वेळाने उपसून पाहावी. तिला ओलसर माती चिकटून आली तर पाणी पोहोचते आहे. कामटी जशी गेली तशीच कोरडी बाहेर आली, तर कुंडी बदलण्याचा विषय तिथेच संपला. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात काठापर्यंत बुडवावी. सुरुवातीला बुडबुडे जोरात येतात, मग तुरळक होतात आणि शेवटी थांबतात. ते थांबले की कुंडी उचलून निथळत ठेवावी. कडेच्या फटीत चाळलेले शेणखत आणि पोयटा मिसळून कामटीने ठासून भरावा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाने ताठ राहिली, तर दुखणे कळले आणि उपायही झाला. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंडीत मातीवर पांढरा थर धरतो. तो खरवडून काढावा आणि पावसाचे साठवलेले पाणी असेल तर ते यासाठी वापरावे.

आता फुलोऱ्यात झाड हलवू नये असे का म्हणतात, ते पाहू. झाडाचे पाणी ओढण्याचे काम जाड मुळे करीत नाहीत. ते मुळांच्या टोकांजवळच्या केसासारख्या बारीक तंतूंकडे असते, आणि कुंडीत हे तंतू गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला दाटलेले असतात. कुंडी उपसताना सर्वांत आधी तुटतात ते हेच. एरवी झाड नवी मुळे लवकर फोडते, पण फुलोऱ्यात पानांनी तयार केलेले अन्न प्रामुख्याने कळ्यांकडे जात असते आणि मुळांच्या वाट्याला थोडेच उरते. म्हणजे पाण्याची गरज मोठी, ते ओढणारी मुळे तुटलेली आणि नवी फोडायला शिधा अपुरा. दारात मांडव पडलेला असताना घर बदलायला काढण्यासारखेच हे आहे. अशा वेळी झाड भार कमी करते, म्हणजे कळ्या टाकते. शिवाय नव्या कुंडीत आपण हौसेने शेणखत सढळ हाताने घालतो, आणि त्यातले नत्र फुलांऐवजी पालवीला जोर देते.

कुंडीच्या मापाबाबतही गैरसमज आहे. उंची-रुंदीचे प्रमाण तेच ठेवून २० सेंटिमीटरऐवजी २५ सेंटिमीटर व्यासाची कुंडी घेतली, तरी माती जवळपास दुप्पट होते. ३० सेंटिमीटरची घेतली तर तिपटीहून अधिक. मुळे पोहोचलेली नसतात अशा मातीतले पाणी कोणी ओढत नाही, ती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे कुजायला लागतात.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, परदेशात भांगेची झाडे कुंडीत वाढवतात, त्यांना हाच नियम लागू पडतो का. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय या झाडाची लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे हे फक्त वनस्पतिशास्त्रापुरते सांगतो. शेवंतीप्रमाणे भांगेच्याही बहुतेक जाती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुलावर येतात. जिथे ही लागवड कायदेशीर आहे तिथे, घरात दिव्याखाली वाढवताना १२ तास उजेड आणि १२ तास अंधार देऊन फुलोरा आणतात, आणि शेवटच्या मोठ्या कुंडीत झाड त्याच्या एक-दोन आठवडे आधीच हलवतात, म्हणजे फुलोऱ्यापूर्वी मुळे बसतात. भांग वर्षायू आहे. तिचा फुलोरा बिघडला की त्या झाडाला दुसरी संधी नाही. झेंडूचेही तसेच आहे. शेवंती बहुवर्षायू असल्याने निदान पुढच्या हंगामाला काश्या, म्हणजे बुंध्यापासून फुटणारे नवे कोंब, तरी देते.

रात्रीच्या लांबीचा हा परिणाम गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका जातीवरील प्रयोगांतून मांडला. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास येतो. शेवंती हा फरक ओळखते. कुंडी बदलल्यावर सावली हवी म्हणून लोक ती ओसरीत, रात्रभर चालू असलेल्या दिव्याखाली नेऊन ठेवतात आणि कोवळ्या कळ्या पुढे सरकत नाहीत म्हणून नव्या मातीला दोष देतात.

अपवादांकडे येतो. मांजराने कुंडी पाडून फोडली, तळाचे छिद्र बुजून मातीला कुजका वास यायला लागला, किंवा पत्र्याचा डबा गंजून तळ सुटला, तर झाड हलवावेच लागते. आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे माती वाफशावर येते आणि हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, फुटत नाही. काम ऊन उतरल्यावर करावे. झाड खोडाला धरून ओढू नये. प्लॅस्टिकची कुंडी कापावी, मातीची हातोडीच्या हलक्या टोल्यांनी फोडावी. मुळे मोकळी करण्याचा मोह टाळावा. वाटोळी फिरलेली मुळे सोडवायची हीच वेळ नव्हे. फक्त कुजकी, काळी पडलेली मुळे कात्रीने कापावीत. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच अधिक रुंद असावी, माती शक्यतो आधीसारखीच भरावी आणि खोड पूर्वी जेवढे मातीत होते तेवढेच ठेवावे. पूर्ण उमललेली फुले काढून घ्यावीत, झाडाचा भार तेवढाच हलका होतो, आणि ती देवाला चालतात. तीन-चार दिवस सावली द्यावी आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.

डबा नुसता खालून गंजला असेल तर याहून सोपी वाट आहे. उरलेला तळ पत्रा कापायच्या कात्रीने काढावा आणि डबा झाडासकट मोठ्या कुंडीतल्या मातीवर बसवावा. हुंडीला धक्का लागत नाही आणि मुळे आपल्या सवडीने खाली उतरतात. बोगनवेलीसाठी मी हीच रीत सुचवतो, कारण मुळे दुखावलेली तिला अजिबात सोसत नाहीत. तशीही ती दाटीवाटीच्या कुंडीत अधिक फुलते, त्यामुळे तिच्या बाबतीत घाई कसलीच नाही.

शेवंतीची कुंडी खऱ्या अर्थाने बदलायची ती बहर ओसरल्यावर. वाळलेली फांदोरी जमिनीपासून चार बोटांवर छाटली की बुंध्याभोवती काश्या फुटतात; त्या मुळांसकट वेगळ्या करून नव्या मातीत लावाव्यात. जुना बुंधा ठेवायचाच असेल, तर त्या वेळी बाहेरच्या मुळांचा थर कापून काढला तरी झाडाचे फारसे बिघडत नाही.