पत्ते वाटणारे हात

[लास व्हेगासमधली एक पोकर रूम. कॅमेरा टेबलाच्या बरोबर वर.]

डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, बदलतोय. उठणाऱ्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे एकदा वर, एकदा खाली. हे छतातल्या कॅमेऱ्यासाठी: बेचक्यात चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) नाही, तळहाताखाली पान नाही. डीलर टेबलावर साधारण अर्धा तास असतो. तेवढ्यात पंधराएक डाव होतात, आणि प्रत्येक डावात त्याच्या हातांची हालचाल तीच, त्याच क्रमाने.

[क्लोज-अप: हात, हिरवं कापड.]

नवा कॅट उघडला की आधी पानं उताणी पसरतात. बावन्न आहेत का, एखादं दुबार आलंय का, हे डोळ्यांनी तपासायचं. मग पालथी करून पाठी तपासायच्या. नखाची खूण, रंगाचा पुसट ठिपका, दुमडलेला कोपरा असेल तर तो इथेच दिसतो. पानं पूर्ण प्लॅस्टिकची असतात. कागदी पानांवर लवकर वळ्या पडतात आणि त्या वळ्या वाचणारे लोक असतात.

आता पिसणं बघा. पालथी पानं दोन्ही तळव्यांनी टेबलावर गोल-गोल फिरवली जातात. मग गठ्ठा बांधून दोनदा रिफल: अर्धा-अर्धा गठ्ठा, अंगठ्यांनी कोपरे सोडत पानं एकमेकांत गुंफायची. मग वरून छोट्या चळती उचलत एकावर एक टाकायच्या. पुन्हा एक रिफल. शेवटी काटणं, तेही एका हाताने, खाली ठेवलेल्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर. बावन्न पानं केवळ रिफलने नीट मिसळायला सात रिफल लागतात, असं बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं. टेबलावर सात वेळा पिसायला वेळ नसतो, म्हणून ते तळव्यांनी फिरवणं. ते टाळलं तर मागच्या डावातली पानं झुबक्यांनी पुढच्या डावात येतात.

[हात थांबतात. कॅट डाव्या हातात.]

ती कोरी पट्टी शेवटपर्यंत कॅटच्या तळाशी राहते. ती नसेल आणि डीलरचा हात जरासा कलला, तर शेजारच्या दोन खुर्च्यांना तळाचं पान दिसतं. शिवाय डीलरच लबाड असेल, तर तळाचं पान ओढून वाटण्याची हातचलाखी पट्टीमुळे अवघड होते. वाटताना पान कापडाला लागून सरकलं पाहिजे. कोपरा उचलला गेला की समोरच्या माणसाला ते उघडं दिसतं. वाटता वाटता एखादं पान उताणं पडलं, तर वाटणं पूर्ण करायचं, ते पान बदलून द्यायचं आणि पडलेलं पान पहिलं ‘बर्न’ म्हणून वापरायचं. वाटलेल्या पहिल्या दोन पानांतलं एखादं पडलं तर मात्र बहुतेक ठिकाणी अख्खा डाव पुन्हा.

बर्न म्हणजे टेबलाच्या मधली, सगळ्यांसाठी असलेली पानं उघडण्याआधी वरचं एक पान बाजूला सारणं. बोली चालू असताना वरचं पान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून असतं. त्याच्या पाठीवर कोणी खूण केली असेल, तर पुढचं पान कोणतं ते त्याला आधीच कळलेलं असतं. ते पान बाद केलं की ती माहिती वाया जाते.

[यंत्र पानं गिळतं, दिवा लागतो.]

बऱ्याच टेबलांत आता पिसण्याचं यंत्र बसवलेलं असतं. लाल आणि निळा असे दोन कॅट. एक खेळात, दुसरा यंत्रात. वेळ वाचतो. पण २०२३ मध्ये लास व्हेगासच्याच ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत संशोधकांनी ‘डेकमेट २’ हे यंत्र फोडून दाखवलं. बाहेर उघड्या असलेल्या यूएसबी पोर्टमधून आत शिरता येत होतं, आणि पानं मोजण्यासाठी बसवलेला आतला कॅमेरा पानांचा क्रम सांगत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी दाखल केलेल्या खटल्यात आरोप आहे तो असाच: बदललेली यंत्रं, बाहेर बसलेला माणूस आणि टेबलावरच्या साथीदाराला पोचणारा इशारा. ते डाव खासगी होते, कॅसिनोतले नव्हते.

[खेळाडूंचे हात, चिपांच्या चळती.]

टेबलावरचे शिष्टाचारही लबाडी रोखण्याच्या याच कामासाठी आहेत. चिपा एकाच हालचालीत पुढे यायला हव्यात. थोड्या सरकवायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा, मग आणखी सरकवायच्या, हा ‘स्ट्रिंग बेट’; डीलर पहिल्यांदा सरकवलेल्याच चिपा धरतो. समोर बोली असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल (तेवढीच बोली), मनात रेज (बोली वाढवणं) असलं तरी. तोंडातून निघालेला शब्द मात्र बंधनकारक. चिपा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, भिरकावायच्या नाहीत, कारण मग किती आल्या ते डीलरला मोजता येत नाही. मोठ्या किमतीच्या चिपा पुढे दिसतील अशा ठेवायच्या आणि खेळ चालू असताना खिशात घालायच्या नाहीत. आपली पानं चिप ठेवून राखायची. चुकून फोल्डच्या, म्हणजे डाव सोडलेल्यांच्या, पानांत मिसळली तर जिंकणारी पानंही बाद. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांवरही पोकर याच शिस्तीत चालतं. घरच्या तीन पत्तीची सवय घेऊन बसणारा पहिल्या तासातच एकदा तरी स्ट्रिंग बेटमध्ये सापडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या बऱ्याच पोकर रूममध्ये डाव चालू असताना फक्त इंग्रजीत बोलायचं असतं. शेजारच्या मित्राला मराठीत “काय करू रे?” विचारलं की डीलर थांबवतो. हात एकाचा, निर्णय एकाचा. दोघांनी मिळून मधल्या तिसऱ्याला रेजवर रेज देऊन पिळणं, मित्रासमोर मुद्दाम नरम खेळणं, हे सगळं याच दाराने आत येतं आणि ते ओळखायला सगळ्यात जवळ बसलेला माणूस डीलरच असतो. संशय आला तर तो फ्लोअर मॅनेजरला बोलावतो. पकडले गेलेल्यांना बंदी होते, कधी खटलाही.

[पॉट सरकतो. एक डॉलरची चिप. टक.]

हा आवाज ऐकलात? जिंकणाऱ्याने दिलेली चिप डीलरने ट्रेच्या कडेवर आपटली, मगच टिपच्या डब्यात टाकली. ही चिप पॉटमधली नाही, दिलेली आहे, हे त्याने सगळ्यांना ऐकवलं. कॅसिनोचा वाटा वेगळाच कापला जातो: साधारण १० टक्के, पाच-सहा डॉलरच्या मर्यादेपर्यंत. त्यातलं डीलरला काही मिळत नाही. त्याची कमाई टिपवर उभी असते. ब्लॅकजॅक या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलांवर टिप एकत्र करून वाटतात. व्हेगासच्या पोकरमध्ये बहुतेक ठिकाणी ज्याची त्याची. म्हणून पॉट जिंकला की एक डॉलर, मोठा पॉट असेल तर दोन ते पाच. फक्त ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या बोली) हाती आले असतील तर नाही दिली तरी चालते. चिप पॉट आपल्याकडे सरकल्यावर द्यायची, डीलर पानं वाचत असताना नाही. आणि वाईट पान आलं म्हणून टिप रोखणं हा सरळ अन्याय आहे; पान कोणाला कोणतं जाईल हे त्याच्या हातात नसावं, म्हणूनच तर तो एवढं पिसतो.

स्पर्धांत डावागणिक टिप नसते. तिथे बऱ्याचदा बक्षिसाच्या रकमेतून काही टक्के आधीच कर्मचाऱ्यांसाठी बाजूला काढलेले असतात. जिंकल्यावर वरून द्यायचं असेल, तर आधी ते किती काढलेत ते नियमपत्रकात वाचून घ्यावं. अमेरिकेत २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपच्या उत्पन्नावर २५,००० डॉलरपर्यंत फेडरल आयकरात वजावट आहे आणि जुगाराचे डीलर त्या यादीत आहेत. सोशल सिक्युरिटीची (निवृत्तिवेतनासाठीची) कपात मात्र टिपवरही होतेच.