छत्री कुठं ठेवली त्यानं?

(सांगलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रणयकथा छापणाऱ्या प्रकाशनाकडे घरबसल्या संपादनाच्या कामासाठी अर्ज कसा करायचा, यावर मी बोलायचं आहे. पुढच्या रांगेतल्या मुलींनी वह्याही काढल्यात. अर्जाकडे येते, पण आधी मनातलं एक बोलू द्या.

‘प्रेमाच्या गोष्टी काय, कुणीही तपासेल,’ हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. निदान सांगलीत तरी ते ऐकायला नको वाटतं. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी माणसं बसून राहिली. प्रणयकथेचं अगदी तेच आहे. शेवटी ती दोघं एकत्र येणार, हे वाचकाला पुस्तक हातात घेतानाच माहीत असतं. शेवटाची उत्सुकता नाही, म्हणजे सगळा भार मधल्या पानांवर. तिथं एक जरी वाक्य खोटं वाटलं, तरी वाचकाचा विश्वास उडतो. म्हणून इथं संपादक जास्त जागा लागतो.

मला आलेली पहिली चाचणी सांगते. परदेशी प्रकाशन, इंग्रजी कादंबरीतली दहा पानं, मुदत तीन दिवस. पावसातला प्रसंग होता. नायकाच्या एका हातात छत्री. दुसऱ्या हाताने त्याने तिचा हात धरलाय. आणि पुढच्याच ओळीत तो तिच्या गालावरची ओली बट मागे सारतो. मी स्पेलिंग बघत होते, स्वल्पविराम बघत होते. ती ओळ तीनदा वाचली आणि तीनदा पुढे गेले. रात्री आई जेवायला बोलवायला आली, तेव्हा तिला तो प्रसंग मराठीत सांगितला. ती दारातच थांबली. म्हणाली, “अगं, मग छत्री कुठं ठेवली त्यानं?”

आम्ही खुंटीवरची छत्री काढली. आई नायिका, मी नायक. छत्री बगलेत धरली तर आई भिजते. मान वाकडी करून खांद्यावर टेकवली तर तिचं तोंडच दिसत नाही. आमटी गार झाली, पण उत्तर सापडलं: आधी तिचा हात सोडायला हवा. मी वाक्य बदललं नाही. समासात लेखिकेला विचारलं, ‘त्याचे दोन्ही हात गुंतलेत. तिचा हात सुटला, तर बटेपर्यंत जाताना तो क्षणभर अडखळेल का?’ काम मिळालं, आणि निवडीच्या पत्रात याच प्रश्नाचा उल्लेख होता. चूक तर हेरायचीच, पण ती लेखिकेच्या हाती अशी द्यायची की प्रसंग तिलाच पुन्हा लिहावासा वाटेल. माझ्या लेखी संपादन ते हेच.

दुसरा अनुभव अजून सलतो. एका प्रकाशनाने, नाव घेत नाही, चाचणी म्हणून अख्खी तीन प्रकरणं पाठवली. मी आठवडा घातला. ना उत्तर, ना पैसे. वर्षभराने पुस्तक हातात आलं, तर माझ्या दुरुस्त्या जशाच्या तशा छापलेल्या. मुलींनो, चाचणी पाच-दहा पानांची असते. त्यापुढे मागितलं तर आधी दर विचारा. यात लाजायचं काही नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर अर्ज.

ज्या प्रकाशनाकडे अर्ज करताय त्याची चार पुस्तकं आधी वाचा, तीही एकाच मालिकेतली. प्रणयकथांसाठी ओळखलं जाणारं मिल्स अँड बून १९०८ साली लंडनला सुरू झालं, १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ते घेतलं, आणि हार्लेक्विन २०१४ मध्ये हार्परकॉलिन्सकडे गेलं. पण वाचक ओळखतो ती मालिका. प्रत्येक मालिकेची शब्दसंख्या ठरलेली, शयनगृहाचं दार किती उघडायचं तेही ठरलेलं. पत्र एका पानाचं पुरे. मुद्रितशोधन करणार, भाषा बघणार की कथेची बांधणी, ते स्पष्ट लिहा, कारण तिन्हींचे दर वेगळे. अमेरिकन प्रकाशन असेल तर बहुधा शिकागो मॅन्युअल, म्हणजे इंग्रजी लेखन-संपादनाच्या नियमांचं पुस्तक, लागतं. मराठीसाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, तोंडपाठ हवेत. चाचणीत ट्रॅक चेंजेस, म्हणजे संगणकावर प्रत्येक दुरुस्ती वेगळी दाखवणारी सोय, चालूच ठेवा. सोबत नोंदींचा एक कागद जोडा: पात्रांची नावं, वयं, डोळ्यांचा रंग, कुठल्या पानावर कुठला वार. तो कुणी मागत नाही, पण पाठवाच.

बाहेरच्या टेबलावर मी लिहिलेली पाच पानं ठेवलीत, एकेक प्रत न्या. त्यात नायिका सोमवारी सकाळी मिरजेहून गाडीत बसते, दुसऱ्या दिवशी उतरते, आणि स्टेशनाबाहेर गुरुवारचा बाजार भरलेला असतो. अशा आणखीही दोन चुका आहेत. पेन्सिलीने समासात प्रश्न लिहून पुढच्या शनिवारी आणा, मी इथंच असेन.