मावशीचा डावा पाय

सकाळचे साडेआठ वाजलेत. भोसरी, नाशिक फाट्याजवळ. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन उभी असलेली ही सगळी मंडळी कारच्या लायसनची टेस्ट द्यायला आलीयेत, पुण्यातल्या लोकांना त्यासाठी आयडीटीआरच्या, म्हणजे ड्रायव्हिंग ट्रेनिंग आणि रिसर्चच्या संस्थेच्या, ट्रॅकवर यावं लागतं. कोणी मोबाईलवर व्हिडिओ बघतंय, कोणी हवेतच स्टिअरिंग फिरवतंय, एक काका स्वतःशीच पुटपुटतायत, क्लच गिअर क्लच गिअर, आरती म्हटल्यासारखे. आणि ती निळ्या ड्रेसमधली, पर्स छातीशी धरून उभी आहे ना, ती माझी मावशी. वय ५२. दुसऱ्यांदा आलीये.

पहिल्या वेळी काय झालं ते तिच्याच शब्दांत सांगतो, "अरे पाय माझा नव्हताच रे."

आता आम्ही घरच्यांनी काय केलं, तर नेहमीचंच. घाबरू नकोस, टेन्शन घेऊ नकोस, रामरक्षा म्हण, सगळ्यांचं होतं तुझंही होईल. आईने तर जाताना हातावर दही पण ठेवलं. मावशी दही खाऊन गेली आणि फेल होऊन आली. आकडा आठचा ट्रॅक मस्त काढला तिने, कुठे घासली नाही काही नाही, मग आला चढ. चढावर थांबायचं आणि गाडी मागे न जाऊ देता परत निघायचं, एवढंच. मावशी थांबली, ब्रेक सोडला, गाडी मागे, मावशी घाबरली, क्लच एकदम सोडला, गाडी धाड करून बंद. संपलं.

त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं की क्लासमध्ये चढावर शिकवलं नव्हतं का. तर म्हणे शिकवलं की, रोज त्या पुलावरून जायचो, कधी मागे आली नाही. आणि मग माझी ट्यूब पेटली. क्लासच्या गाडीत सरांच्या बाजूला पण पेडल असतात बघा, क्लच आणि ब्रेक. सर बिचारे चांगले, पण पुलावर मागे बस आली की पाय आपोआप दाबला जाणारच ना, त्यांनाही जीव आहे. म्हणजे २१ दिवस मावशी स्टिअरिंग फिरवत होती आणि क्लच सर मारत होते. नियमात लिहिलंय की कारसाठी कोर्स कमीत कमी २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं कमीत कमी १० तास पाहिजे, पण त्या १० तासांत पाय कोणाचा होता हे कोण मोजतंय?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, टेस्टची भीती डोक्यात कमी आणि पोटरीत जास्त असते. ज्या पायाने कधी क्लच धरूनच ठेवला नाही तो त्या दिवशी थरथरणारच, त्याला तुम्ही कितीही रामरक्षा ऐकवा.

फेल झाल्यावर ७ दिवसांनी परत टेस्ट देता येते. तीनदा फेल झालात तर मात्र मग ६० दिवस थांबायचं. मावशी म्हणाली दुसऱ्याच आठवड्यात जाऊ, मी म्हटलं अजिबात नाही, लर्निंग लायसन ६ महिने चालतं, घाई कसली. तीन आठवडे घेतले.

हा आमच्या सोसायटीचा पार्किंगचा रॅम्प. दुपारी दोन ते तीन, सगळे झोपलेले असतात तेव्हाची वेळ. गाडी घरचीच, पुढे मागे पांढऱ्यावर लाल एल, बाजूच्या सीटवर मी, माझं लायसन खिशात आणि हात हँडब्रेकजवळ. आणि मागच्या चाकाच्या मागे चार बोटांवर ती करवंटी ठेवलीये बघा. ही आयडिया आमच्या वॉचमनकाकांची. गाडी मागे आली की कडाक्. वाद घालायची सोयच नाही.

पहिल्या दिवशी ७ करवंट्या फुटल्या. बिल्डिंगमधल्या सगळ्यांकडे नारळ कधी फोडणार म्हणून विचारत फिरलो आम्ही.

आता हे जरा नीट बघा, कॅमेरा खाली पायाशी नेलाय मुद्दाम. हँडब्रेक ओढलेला आहे, पहिला गिअर, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जरासा. डावा पाय हळूहळू वर येतोय, टाच जमिनीला टेकलेली आहे, ती उचलायची नाही. इथे, आत्ता, आवाज बदलला, ऐकला का? इंजिन जरा जड झालं आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं झालं. इथे पाय थांबवायचा. गोठवायचा एकदम. आणि मग हँडब्रेक खाली. गाडी जागच्या जागी उभी राहते, मागे नाही पुढे नाही. मावशीला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा ती गाडीत मोठ्याने ओरडली होती, आणि ओरडताना क्लच सुटला, ते जाऊ दे.

बऱ्याच जणांना वाटतं हँडब्रेक वापरणं म्हणजे चीटिंग. अहो मोटर वाहन नियमांमध्येच लिहिलंय की उमेदवाराला चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा अ‍ॅक्सिलरेटर आणि पायाच्या ब्रेकचा नीट वापर करून, मागे न घरंगळता निघता आलं पाहिजे. १९८९ चे नियम आहेत. हँडब्रेक हातात आहे, वापरा की!

एच आकाराच्या ट्रॅकचा रिव्हर्स आणि पॅरलल पार्किंग तिने ग्राउंडवर विटा ठेवून केलं, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही, फक्त गाडी माणसाच्या चालण्याइतक्या स्पीडने न्यायची आणि मान वळवून बघायचं. घाई केली की सगळं बिघडतं.

टेस्टच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस बंद. कागद रात्रीच फोल्डरमध्ये, लर्निंग, आधार, स्लॉटची पावती, गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी. सकाळी उपाशी जायचं नाही, मावशीने दोन पोळ्या आणि चहा घेतला, दहीही खाल्लं, आईचं मन कोण मोडणार. चप्पल नको, पातळ तळव्याचे बूट, क्लच कळला पाहिजे पायाला.

आला नंबर. बघा, ती लगेच निघत नाहीये. सीट पुढे घेतली. आरसा नीट केला. बेल्ट. आणि एक लांब श्वास सोडला, घ्यायचा कमी आणि सोडायचा जास्त, खांदे खाली येतात त्याने. मागचे कुजबुजतायत की किती वेळ लावतीये ही बाई, कुजबुजू देत.

आठ झाला. एच झाला, एकदा खांबाच्या फार जवळ गेली, थांबली, पुढे घेऊन परत मागे आली. आता चढ. मी इकडे बाहेर जाळीला चिकटलेलो, कॅमेरा हलतोय तो माझ्या हातामुळे, सॉरी. गाडी थांबली. एक सेकंद, दोन सेकंद, काहीच होत नाहीये. मग ते बॉनेट उचललं गेलं, एवढंसं, तुम्हाला दिसलंही नसेल, मला दिसलं.

लायसन पोस्टाने घरी आलं. फोटो इतका वाईट आलाय की मावशी ते कोणालाच दाखवत नाही.

हा शेवटचा शॉट मागच्या रविवारचा. फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नलची रांग लागलीये, मागे बस, बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय. मी बाजूच्या सीटवर. सवयीने माझा हात हँडब्रेककडे गेला तर मावशीने फटकन चापट मारली त्याच्यावर.

"हात काढ. माझा आहे तो."