डिसेंबरातले प्राग

श्रोतेहो, नमस्कार.

प्राग हे शहर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते उन्हाळ्यातल्या छायाचित्रांमुळे. लाल कौलांची छपरे, नदीवरचे पूल आणि त्यांवर पसरलेले सोनेरी ऊन. माझ्या मनात मात्र ते शिरले एका बातमीतून. २९ डिसेंबर १९८९ रोजी वात्स्लाव हावेल नावाचा नाटककार तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याला अटक झाली होती. कॉलेजच्या नाटकांत पडदा ओढण्यापलीकडे मजल न गेलेल्या मला ही गोष्ट इतकी अद्भुत वाटली की हे शहर एकदा पाहायचेच, असे मी तेव्हाच ठरवून टाकले. पुढे नोकरी, संसार आणि मुलांची शिक्षणे यांत ते राहून गेले आणि अखेर पन्नाशी उलटल्यावर, सह्याद्रीच्या भटकंतीत झिजलेली सॅक पाठीला लावून मी निघाले. हिवाळा निवडण्यामागे काही खोल विचार नव्हता, रजा तेव्हाच मिळत होती. पण आता माझे मत असे झाले आहे की या शहराची पहिली भेट हिवाळ्यातच व्हावी, कारण अंधार आणि थंडी त्याची निम्मी शोभा झाकून टाकतात आणि तिथली माणसे कशी जगत आली, ते पुढे येते.

व्हिएन्नाहून निघालेली रेल्वे सुमारे चार तासांत प्रागच्या मुख्य स्थानकात पोहोचते. फलाट क्रमांक एकवर एक ब्राँझचे शिल्प आहे. चष्मा लावलेला एक गृहस्थ, त्याच्या कडेवर एक मूल, शेजारी उभी असलेली एक मुलगी आणि एक प्रवासी पेटी. हे निकोलस विंटन. लंडनच्या शेअरबाजारात काम करणारा हा तरुण डिसेंबर १९३८ मध्ये स्कीइंगची ठरलेली सहल रद्द करून प्रागला आला आणि सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने पुढच्या काही महिन्यांत ६६९ मुलांना, ज्यांतली बहुतेक ज्यू होती, इंग्लंडला पाठवले. १ सप्टेंबर १९३९ रोजी आणखी एक गाडी सुटायची होती. त्याच दिवशी युद्ध पेटले आणि ती गाडी सुटलीच नाही. सुट्टीवर आलेल्या प्रवाशाने गावात पाऊल ठेवताच दुसऱ्या एका प्रवाशाने आपली सुट्टी कशी घालवली ते पाहावे, हा योग मला फार विलक्षण वाटला.

बर्फ पाहायला मिळेल अशी आशा होती, ती फोल ठरली. डिसेंबरात प्रागमध्ये बर्फ पडतेच असे नाही. बहुतेक वेळा करडे आभाळ, दमट हवा आणि बोचरा वारा एवढेच वाट्याला येते. फुटपाथ लहान लहान चौकोनी दगडांच्या नक्षीचे आहेत, ओल धरली की ते निसरडे होतात आणि पाठीवर ओझे असलेल्याला जपून पाय टाकावा लागतो. थंडीपेक्षाही अंगावर येतो तो अंधार. सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. आपल्याकडे ज्या वेळी चहाचे आधण चढते, त्या वेळी तिथे दिवे लागलेले असतात.

आणि म्हणूनच जुन्या टाऊन हॉलवरचे खगोलीय घड्याळ हिवाळ्यात पाहावे. १४१० साली बसवलेले हे घड्याळ पाहायला दर तासाला गर्दी जमते ती बाहुल्यांसाठी. सांगाडा एका हाताने घंटेची दोरी ओढतो आणि दुसऱ्या हाताने वाळूचे घड्याळ उलटे करतो, शेजारच्या मूर्ती ‘इतक्यात नको’ म्हणून माना हलवतात, वरच्या खिडक्यांमागून येशूचे शिष्य सरकत जातात आणि सोनेरी कोंबडा आरवला की लोक पांगतात. खरी गंमत लोक पांगल्यावर, तबकडीकडे नीट पाहिले तर कळते. तबकडीवर निळा भाग दिवसाचा, काळा रात्रीचा, आणि काट्यावरचा सोनेरी सूर्य या रंगांवरून फिरतो. सगळ्यांत बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत, एक ते चोवीस. हे कडे वर्षभर हळूहळू मागेपुढे सरकते, कारण त्यावरचा चोविसावा आकडा सूर्यास्ताशी बांधलेला आहे. जुन्या बोहेमियात, म्हणजे प्रागभोवतीच्या या मुलुखात, दिवस सूर्यास्ताला संपत असे आणि तिथूनच नव्या दिवसाचे तास मोजत. मी पाहिले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि काटा होता तेविसावर. म्हणजे उजेड उरला होता तो फक्त तासाभराचा. आपल्या पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इथला सूर्यास्ताला संपतो. दोन्हींकडे हिशेब सूर्याशीच, पण थंड मुलुखातल्या माणसाला काळजी असणार ती उरलेल्या उजेडाची, हे त्या चौकात गारठून उभे राहिल्यावर पटले.

चार्ल्स पुलावर मी सकाळी उजाडता उजाडता गेले. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये या पुलाचा पाया घातला. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत, वालुकाश्माचे पुतळे काळाने आणि धुराने काळवंडलेले. उन्हाळ्यात इथे मुंगीला शिरायला वाव नसतो म्हणतात, त्या सकाळी मात्र कामावर निघालेली माणसे मफलरात नाक खुपसून झपाझप चालली होती आणि खाली व्हल्तावा नदीवर धुके होते. संत नेपोमुकचा पुतळा १६८३ सालचा, ब्राँझचा. राजाच्या हुकमावरून या धर्मगुरूला १३९३ मध्ये नदीत बुडवले होते. पायथ्याच्या कोरीव पट्ट्या काळ्या पडल्या आहेत, पण लोक नवस म्हणून जिथे हात लावतात तेवढा भाग पितळी भांड्यासारखा लखलखतो. एका बाईंनी घाईतच हातमोजा काढला, बोटे टेकवली आणि हातमोजा पुन्हा चढवत त्या चालू लागल्या. मीही हात लावून पाहिला. धातू इतका गार होता की इच्छा आठवायच्या आत हात मागे आला.

हावेलसाठी म्हणून वेन्सस्लास चौकात गेले. नाव चौकाचे असले तरी हा आहे एक लांबरुंद, चढता रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानांच्या झगमगाटाने भरलेला. नोव्हेंबर १९८९ मध्ये, कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या आंदोलनात, इथल्याच एका सज्जातून हावेल लाखोंच्या जमावाशी बोलला. वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोरच्या फरसबंदीत, जमीन आतून उचलली जावी तसा एक ब्राँझचा क्रूस आहे. सोव्हिएत सैन्याने देश व्यापल्यानंतर, १६ जानेवारी १९६९ रोजी, यान पालाख या विद्यार्थ्याने इथे स्वतःला पेटवून घेतले. वीस वर्षांनी त्याच्या स्मृतिदिनाला फुले वाहायला हावेल इथे आला, म्हणून त्याला अटक झाली. ज्या बातमीमुळे मी इथवर आले, तिचा आरंभ या चार हात जागेत होता. क्रूसाशेजारी मेणबत्त्या होत्या, वाऱ्याने बऱ्याचशा विझलेल्या.

आता थोडे खाण्याविषयी. ख्रिसमसच्या बाजारात शेगडीवर फिरवत भाजलेली, साखर लावलेली एक गोल पोकळ पोळी ‘प्रागची परंपरा’ म्हणून विकतात. ते पर्यटकांसाठीचे कौतुक आहे, त्यावर पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा लसणाचे कढत सूप घ्यावे, त्याने कानशिले उघडतात. ते मांसाच्या पाण्यात केले आहे का, हे शाकाहारी श्रोत्यांनी विचारून घ्यावे, तळलेले चीज मात्र सगळीकडे मिळते.

परंपराच पाहायची तर ती ख्रिसमसच्या तीन-चार दिवस आधी गल्लीच्या कोपऱ्यांवर दिसते. मोठमोठाल्या प्लॅस्टिकच्या टाक्यांत जिवंत कार्प मासे सोडलेले असतात. दक्षिण बोहेमियात शतकानुशतकांची तळी आहेत, तिथून ते येतात. रबरी एप्रन घातलेला विक्रेता जाळ्याने मासा काढतो, तराजूत टाकतो, तो तराजूतही उसळतो, आणि मग प्रश्न येतो की मारून देऊ की जिवंत नेता? काही घरांत तो जिवंतच नेऊन न्हाणीघरातल्या टबात ठेवायची चाल आहे आणि मग मुलांचा त्याच्यावर जीव जडतो, अशी घरोघरची कथा. माशाचे एक खवले पाकिटात ठेवले की वर्षभर पैसा टिकतो असे मानतात, तेवढ्यासाठी माझ्या पुढच्या आजोबांनी खवले वेगळी बांधून मागितली. २४ डिसेंबरच्या रात्री हा मासा तळून बटाट्याच्या सॅलडबरोबर खातात. मी तो एका छोट्या खाणावळीत खाल्ला. मालवण-गोव्याच्या श्रोत्यांनी सुरमईची आशा ठेवू नये. काटे पुष्कळ, आणि तळ्याच्या चिखलाचा वास लिंबाने जेमतेम दबतो. उकडलेला बटाटा, गाजर, वाटाणे आणि आंबवलेली काकडी घातलेले ते सॅलड मात्र मी दुसऱ्यांदा मागून घेतले.