नकाराच्या पत्राआधी

विमा कंपनीचा वकील म्हटलं की लोकांना क्लेम बुडवणारा माणूस आठवतो. तुमच्यातले बरेच जण उद्या याच कामात उतरणार आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो. कंपनीला तुमची खरी गरज असते ती क्लेम नाकारण्याचं पत्र निघण्याआधी.

फाइलमध्ये प्रपोजल फॉर्म म्हणजे विम्याचा अर्ज, पॉलिसी, नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल आणि बऱ्याचदा नकाराच्या पत्राचा तयार मसुदाही असतो. तो मसुदा सगळ्यात शेवटी वाचा. आधी पॉलिसी वाचा, आणि तीही विमेदाराच्या हातात दिलेली प्रत. कंपनीचा छापील नमुना नव्हे. मागे जोडलेल्या एखाद्या एंडोर्समेंटनं, म्हणजे बदलाच्या जोडपत्रानं, मूळ कलमच बदललेलं असतं. अपवादाचं कलम, म्हणजे कशाची भरपाई मिळणार नाही हे सांगणारं कलम, लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी सहसा कंपनीची. शब्दांचे दोन अर्थ निघत असतील, तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरला जातो. पत्रात नसलेलं कारण कोर्टात पहिल्यांदा मांडलंत, तर ते ऐकलं जाईल याची खात्री धरू नका.

‘विमेदारानं माहिती दडवली’ हा बचाव तर हमखास येतो. त्याच्या जोडीला १७६६ सालचा कार्टर विरुद्ध बोहम हा इंग्लंडमधला निकालही येतो. तो मुळातून वाचा. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टर यानं, किल्ला परकी शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला दुबळा होता हे आपल्याला सांगितलंच नाही, असं विमा देणाऱ्या बोहमचं म्हणणं. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते मानलं नाही. किल्ल्याची अवस्था आणि युद्धाचा धोका बोहमला चौकशी करून कळण्यासारखा होता. त्यानं न विचारता जोखीम घेतली. सद्भाव दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, हे सांगणाऱ्या या खटल्यात हरला तो विमा देणाराच! विमा कंपनीच्या प्रत्येक वकिलानं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

दायित्वाच्या विम्यात, म्हणजे विमेदारानं दुसऱ्याला द्यायची भरपाई कंपनी भरते त्या विम्यात, पेच आणखी अवघड. दावा विमेदारावर होतो, वकील कंपनी नेमते. विमेदार विश्वासानं तुम्हाला असं काही सांगतो की त्यामुळे त्याचं विमासंरक्षणच जाईल. ते कंपनीच्या कानावर घालायचं नाही, काही झालं तरी नाही. पॉलिसी लागू होते का, या प्रश्नासाठी कंपनीनं दुसरा वकील नेमावा, हे पहिल्याच दिवशी लेखी कळवा.

वसुलीकडे मात्र फार उशिरा लक्ष जातं. भरपाई दिल्यावर विमेदाराच्या जागी उभं राहून कंपनी दोषी माणसाकडून पैसे मागू शकते. पण आग सदोष वायरिंगनं लागली असेल आणि साफसफाईत जळकी वायरच फेकली गेली असेल, तर दावा कशाच्या जोरावर लढणार? म्हणून सर्व्हेअर जागेवर असतानाच वस्तू जपून ठेवण्याचं पत्र विमेदाराला गेलं पाहिजे, आणि ते लिहिणं तुमचं काम आहे.